न्यू साउथ वेल्समध्ये लोकरीचा धंदा कसा उभा राहिला, आणि मेरिनो आपल्याकडे का नाही चालली

प्रश्न थोडक्यात असा आहे की इंग्रजांनी जिथे कैदी नेऊन सोडले त्या ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये पन्नास-साठ वर्षांत लोकरीचा एवढा मोठा धंदा कसा उभा राहिला, हे सगळं तिथला लष्करी अधिकारी आणि मेंढ्यांचा मालक जॉन मॅकार्थर याचं एकट्याचं काम का, आणि तीच मेरिनो, म्हणजे बारीक लोकरीची मूळ स्पेनची मेंढी, आपल्याकडे आणून तसं काही का झालं नाही. माझं आयुष्य लोकरीची खरेदी आणि प्रतवारी करण्यात गेलं, मिलसाठी ऑस्ट्रेलियन लोकर घेतली आणि त्याआधी बरीच वर्षं दख्खनी मेंढ्यांच्या कळपांबरोबर काम केलं, त्यामुळे दोन्हीकडचं सांगतो, उत्तर लांब होणार आहे.

आधी माझं मत सांगून टाकतो. मेरिनोचं रक्त महत्त्वाचं आहेच, पण माझ्या हिशोबात ते तिसऱ्या नंबरवर येतं. पहिली गोष्ट म्हणजे जहाजाचं भाडं, दुसरी म्हणजे फुकटात मिळालेली जमीन आणि फुकटात राबणारा माणूस. हे दोन नसते तर जगातला सगळ्यात भारी मेंढा नेऊन सोडला असता तरी तिथे काही झालं नसतं.

भाड्याचं बघा. सिडनीहून लंडनला शिडाच्या जहाजाने चार-पाच महिने लागायचे, मध्ये विषुववृत्त ओलांडायचं, म्हणजे दमट उष्ण हवेत माल आठवडेच्या आठवडे बंद पोटात पडून. आता या वाटेने तुम्ही काय पाठवणार? गहू पाठवला तर किडणार आणि गव्हाची किंमत ती काय, भाड्यातच संपली. मांस तर शक्यच नाही, गोठवलेलं मांस ऑस्ट्रेलियातून लंडनला नीट पोचलं ते १८८० मध्ये, स्ट्रॅथलेव्हन नावाच्या जहाजाने. सुरुवातीला सीलची कातडी आणि व्हेलचं तेल जायचं पण सील मारून मारून संपत आले. लोकर मात्र या प्रवासासाठीच बनल्यासारखी. दाबून गाठ बांधली की जागा कमी घेते, कोरडी असेल तर वर्षभर पडली तरी बिघडत नाही, आणि वजनाच्या मानाने महाग, त्यामुळे भाडं देऊनही पैसे उरतात. एकच धोका, गाठ ओली भरली तर आतून तापते आणि पेटही घेऊ शकते, ते आजही खरं आहे, म्हणून ओल्या मेंढ्या कातरायच्या नाहीत हा नियम तिथे फार कडक पाळतात.

आणि घेणारा तयार बसलेला होता. यॉर्कशायरच्या गिरण्यांना बारीक लोकर हवी होती, ती यायची स्पेनहून. १८०८ मध्ये नेपोलियनचं सैन्य स्पेनमध्ये घुसलं आणि तिथले मेरिनोचे कळप विस्कटले, काही कापून खाल्ले, काही देशाबाहेर गेले. मग जर्मनीतल्या सॅक्सनीची लोकर पुढे आली, पण इंग्रजांना आपल्याच झेंड्याखालची लोकर मिळाली तर हवीच होती. मागणी आधी होती आणि मेंढी नंतर आली, हा क्रम लक्षात ठेवा.

आता मेंढ्यांकडे येऊ. १७८८ च्या जानेवारीत कैद्यांना घेऊन इंग्रजांचं पहिलं आरमार पोचलं तेव्हा मेंढ्या घेतल्या होत्या वाटेत केप ऑफ गुड होपला, त्या जाड शेपटीच्या, केसाळ, खाण्यासाठीच्या. मे १७८८ च्या मोजणीत सगळ्या वसाहतीत मिळून २९ मेंढ्या. पुढे कलकत्त्याहून बंगालच्या लहान मेंढ्या गेल्या, मॅकार्थरने १७९४ मध्ये अशा साठेक बंगाली मेंढ्या आणि कोकरं विकत घेतली आणि त्यांच्याबरोबर आयर्लंडच्या एक-दोन माद्या ठेवल्या, तर त्यांच्या पिलांवर अर्धे केस अर्धी लोकर असं आलं. त्याला तिथे पहिल्यांदा वाटलं की इथे लोकर होऊ शकते. खऱ्या मेरिनो आल्या १७९७ मध्ये. केपला कर्नल गॉर्डन नावाचा डच अधिकारी होता, त्याच्याकडे स्पेनच्या राजाच्या कळपातल्या मेंढ्यांची पैदास होती, तो वारल्यावर त्याच्या बायकोकडून वॉटरहाउस आणि केंट या दोन जहाजी कप्तानांनी काही मेंढ्या घेतल्या. वाटेत बऱ्याच मेल्या. ज्या पोचल्या त्या मॅकार्थर, पाद्री सॅम्युअल मार्सडेन आणि आणखी काही जणांमध्ये वाटल्या गेल्या.

म्हणजे मॅकार्थर एकटा नव्हता हे इथेच दिसतं. त्याचा खरा हात बाजार आणि सरकार पटवण्यात होता. १८०१ मध्ये त्याने आपल्याच कर्नलशी द्वंद्वयुद्ध केलं, गव्हर्नरने त्याला खटल्यासाठी इंग्लंडला धाडलं, आणि हा माणूस जाताना लोकरीचे नमुने घेऊन गेला! तिथे गिरणीवाल्यांना दाखवले, मंत्र्यांना पटवलं, १८०४ मध्ये राजाच्या मेरिनो कळपाच्या लिलावात मेंढ्या घेतल्या आणि ५००० एकर जमिनीचा हुकूम घेऊन १८०५ मध्ये परत आला. पुढे १८०८ मध्ये गव्हर्नर ब्लायला हटवायच्या बंडात पडला आणि १८०९ ते १८१७ पुन्हा इंग्लंडमध्ये अडकला. मग कळप कोणी सांभाळले? त्याची बायको एलिझाबेथ. कुठली मादी कुठल्या नराला, कोकरं किती जगली, लोकर कधी पाठवायची, मजुरांचा हिशोब, सगळं ती बघत होती, नवरा लांबून पत्रं लिहीत होता. पैदाशीचं काम पत्राने होत नाही, रोज कळपात उभं राहावं लागतं. मला विचाराल तर श्रेय द्यायचं असेल तर आधी तिला द्या. मार्सडेनचंही नाव घेतलंच पाहिजे, त्याने १८०७ मध्ये आपली लोकर इंग्लंडला नेऊन तिथे कापड विणून घेतलं आणि त्याचा सूट राजाला दाखवला, आणि त्याची पैदास मॅकार्थरपेक्षा पद्धतशीर होती असं मानणारे बरेच आहेत.

आणखी एक गैरसमज काढतो. मूठभर मेरिनोंपासून लाखो मेरिनो कशा झाल्या असं लोक विचारतात. शुद्ध मेरिनो तेवढ्या झाल्याच नाहीत. केपच्या आणि बंगालच्या मिश्र माद्यांवर मेरिनो नर लावायचा, त्यातल्या माद्या ठेवायच्या, त्यांच्यावर पुन्हा मेरिनो नर, असं चार पिढ्या केलं की पंधरा आणे मेरिनो तयार. मेंढी दीड-दोन वर्षांत विते, म्हणजे आठ-दहा वर्षांचा खेळ. नर थोडे पुरतात, फक्त केसाळ नर कळपात ठेवायचे नाहीत एवढी शिस्त हवी. १८२० च्या दशकात सॅक्सनीहून आणखी बारीक लोकरीचे नर आले, विशेषतः टास्मानियात, तेव्हा दर्जा एकदम वर गेला.

आता जमीन. १८१३ मध्ये सिडनीच्या पश्चिमेचे ब्लू माउंटन्स ओलांडायची वाट सापडली, १८१५ च्या सुरुवातीला बॅथर्स्टपर्यंत रस्ता झाला आणि पलीकडे गवताचं रान उघडं पडलं. ते रान रिकामं नव्हतं. विराजुरी लोकांचं होतं, आणि ते गवत असं मोकळं होतं ते त्यांनी पिढ्यानपिढ्या ठराविक वेळी आग लावून राखलं होतं म्हणून. मेंढ्या आल्या, पाणवठे गेले, शिकार पळाली. १८२४ मध्ये विंड्राडाइनच्या नेतृत्वाखाली विराजुरी लढले, ऑगस्टमध्ये गव्हर्नर ब्रिस्बेनने बॅथर्स्ट भागात मार्शल लॉ लावला. दक्षिणेला पोर्ट फिलिपकडे, म्हणजे आजच्या मेलबर्नच्या भागात, तर मेंढीनेच लोकांचं अन्न खाल्लं. तिथे मर्नॉन्ग नावाचं कंद असलेलं पिवळ्या फुलाचं झाड, तिथल्या बायका काठीने खणून काढायच्या, ते त्यांचं रोजचं जेवण. मेंढी बुडापर्यंत खाते, मऊ जमिनीत कंदही उकरते, आणि खुरांनी माती दाबून टाकते, काही वर्षांतच मर्नॉन्ग मोठ्या भागातून गेलं. जून १८३८ मध्ये मायल क्रीकला किमान २८ जणांना, त्यात बहुतेक बायका-मुलं आणि म्हातारे, गुराख्यांनी कापून मारलं, ते ठाणं (म्हणजे जनावरं पाळायची मोठी जागा) गुरांचं होतं पण भांडण तेच, कुरणाचं. त्यात सात जणांना फाशी झाली, बाकी असंख्य ठिकाणी कोणालाही काही झालं नाही. लोकरीचा इतिहास सांगताना लोक हे एका ओळीत उरकतात, मला ते पटत नाही. त्या धंद्याच्या ताळेबंदात जमिनीची किंमत शून्य लिहिलेली आहे आणि ते शून्य कोणीतरी भरलं.

सरकारने १८२९ मध्ये एकोणीस काउंटींची, म्हणजे जिल्ह्यांची, हद्द आखून दिली की याच्या बाहेर वस्ती करायची नाही. पण मेंढी हद्द बघत नाही आणि मेंढीवालाही नाही. लोक कळप घेऊन बाहेर पडले, जिथे पाणी तिथे ठाण मांडलं, यांना स्क्वॉटर म्हणायचे. शेवटी १८३६ मध्ये सरकारनेच हात टेकले आणि वर्षाला १० पौंड लायसन फी घेऊन चराईला परवानगी दिली, मग तुम्ही पाच हजार एकर चारा नाहीतर पन्नास हजार.

मजुरीचंही तसंच. कुंपणं नव्हती, त्यामुळे दर तीनशे-चारशे मेंढ्यांमागे एक मेंढपाळ, आणि दोन-तीन कळपांमागे रात्री राखण करणारा एक झोपडीवाला. दिवसा चारायचं, संध्याकाळी लाकडी झापांच्या वाड्यात कोंडायचं, डिंगो कुत्र्यांपासून राखायचं, आणि झापं दर थोड्या दिवसांनी उचलून नव्या जागी लावायची. आपल्या धनगरांना हे वर्णन वाचून काही नवीन वाटणार नाही, वाघराचा, म्हणजे जाळीचा, वाडा आणि हे काम एकच. फरक एवढाच की आपल्याकडे कळप मेंढपाळाचा स्वतःचा असतो आणि सोबत बायकापोरं, घोडी, कुत्री, सगळा संसार असतो. तिथला मेंढपाळ बहुतेक वेळा लंडन किंवा आयर्लंडच्या गल्लीत चोरी केली म्हणून सात वर्षांची शिक्षा झालेला, मेंढी कधी हातात न धरलेला, मैलोन्‌मैल माणूस नाही अशा जागी एकटा टाकलेला. पगार नाही, फक्त शिधा. मेंढ्या हरवल्या तर मॅजिस्ट्रेटसमोर नेऊन फटके. १८४० मध्ये न्यू साउथ वेल्सला कैदी पाठवणं बंद झालं, ते होणार हे दिसायला लागल्यावर मालकांनी १८३७ च्या सुमारास कलकत्त्याहून छोटा नागपूरकडचे काही डझन मजूरही मेंढ्या राखायला नेले होते, पण ते प्रकरण फार वाढलं नाही.

मग १८४० नंतर मंदी आली. लोकरीचे भाव पडले, बँका अडकल्या, मेंढी शिलिंगालाही कोणी घेईना. तेव्हा १८४३ मध्ये यास नावाच्या गावच्या हेन्री ओब्रायनने दाखवून दिलं की मेंढी उकळून तिची चरबी काढली आणि मेणबत्ती-साबणासाठी इंग्लंडला पाठवली तर डोक्यामागे साधारण सहा शिलिंग सुटतात. झालं, गावोगाव कढया लागल्या, लाखो मेंढ्या उकळल्या गेल्या. ऐकायला भयानक वाटतं पण धंद्याच्या दृष्टीने याने एक काम केलं, मेंढीच्या किमतीला खाली एक टेकू मिळाला, त्याखाली भाव जाईना, आणि म्हणून धंदा बुडाला नाही.

पुढची मोठी गोष्ट म्हणजे तारेचं कुंपण, आणि याबद्दल कोणी फारसं बोलत नाही म्हणून जरा सांगतो. १८५१ मध्ये सोनं सापडलं आणि मेंढपाळ कळप सोडून खाणीकडे पळाले. मजूरच नाही म्हटल्यावर मालकांनी नाइलाजाने तारेची कुंपणं घालायला सुरुवात केली, १८६० नंतर जोरात. आणि काय झालं की मेंढ्या आपोआप सुधारल्या. रोज वाड्यापर्यंत चालणं थांबलं, ती ताकद लोकर आणि अंगावर गेली. रात्री शेणामुतात दाटीने बसणं थांबलं, त्यामुळे लोकर स्वच्छ राहिली, खुरं सडायचं प्रमाण घटलं, खरूज पसरायची ती कमी झाली. खरूज म्हणजे तिथला सगळ्यात मोठा शत्रू, एका कळपाला झाली की लोकर गळून पडायची, तंबाखू-गंधकाच्या पाण्यात बुडवून काढायचे, कायदे केले, आजारी कळप मारून टाकले, आणि १८९६ पर्यंत संपूर्ण ऑस्ट्रेलियातून ती हटवली. एवढ्या मोठ्या देशातून एक रोग घालवणं ही माझ्या दृष्टीने त्यांची सगळ्यात मोठी कामगिरी आहे.

पैदाशीचं खरं काम सुद्धा याच काळात झालं. डेनिलिक्विनजवळ वांगानेला नावाचं ठाणं पेपिन कुटुंबाने घेतलं, तो भाग सपाट, तापलेला, धुळीचा, कमी पावसाचा. सॅक्सनीची नाजूक मेंढी तिथे जगेना. त्यांनी फ्रान्सच्या रॅम्बुले जातीचे नर वापरून मोठ्या अंगाची, लांब पायांची, थोडी जाड पण भरपूर लोकर देणारी मेंढी तयार केली, लोकरीत चिकटपणा जास्त, म्हणजे धूळ टोकालाच अडकते, आत कातडीपर्यंत जात नाही. आजच्या ऑस्ट्रेलियन मेरिनोंपैकी बहुतेकींत पेपिनचं रक्त आहे. याच्या उलट उदाहरण अमेरिकेच्या व्हरमाँट मेरिनोचं. १८८० च्या दशकात लोकांना वाटलं की कातडीला सुरकुत्या जास्त म्हणजे कातडी जास्त म्हणजे लोकर जास्त. लोकर वजनाला वाढली, पण त्यात चरबीच जास्त, सुरकुत्यांमध्ये घाम आणि मूत साचायचं, कातरताना कातडी कापली जायची, आणि हिरवी माशी तिथे अंडी घालायची, अळ्या जिवंत मेंढीला खायच्या. शेपटीखालची कातडी कापून टाकायची जी म्यूलसिंग पद्धत विसाव्या शतकात आली, जिच्यामुळे आज युरोपचे ग्राहक म्यूलसिंग न केलेलीच लोकर मागतात, तिचं मूळ त्या सुरकुत्यांत आहे. हौसेने निवडलेला एक गुण शंभर वर्षं निस्तरावा लागतो.

दुष्काळ लोकरीत कसा दिसतो ते सांगतो, कारण हे हाताने कळतं. कातरलेली आख्खी लोकर जाळीच्या टेबलावर उलगडून टाकतात, कडेची मळकी लोकर काढतात, मग खांद्याजवळून एक बट घ्यायची. दोन्ही टोकं चिमटीत धरायची, कानाजवळ न्यायची आणि ताणून मधल्या बोटाने टिचकी मारायची. चांगली बट टणत्कार करते. ज्या वर्षी मध्येच चारा संपला होता त्या वर्षीची बट हलकं चरचरते आणि एका ठरावीक जागी तुटते, कारण उपासमारीच्या आठवड्यांत तंतू तिथे बारीक झालेला असतो. मेंढीने वर्षभर काय भोगलं त्याची नोंदच असते ती. आता हे यंत्राने न्यूटनमध्ये मोजतात, पण जुने प्रतवारीवाले अजून कानानेच आधी सांगतात. १८९१ मध्ये ऑस्ट्रेलियात साधारण १० कोटी ६० लाख मेंढ्या होत्या, त्यात सशांनी कुरणं खाल्लेली, वर १८९५ नंतर सलग दुष्काळ, आणि १९०२ पर्यंत निम्म्यावर, साडेपाच कोटींच्या आसपास आल्या. जेवढं रान तेवढीच जनावरं हा साधा हिशोब भाव चढे असताना कोणी पाळला नव्हता.

आता आपल्याकडचं. दख्खनीवर मेरिनो आणि रॅम्बुलेचा संकर करून बघितला गेला, सरकारी फार्मवर लोकर बारीक झाली, वजन वाढलं, कागदावर सगळं छान. कळपात गेल्यावर टिकलं नाही. कारणं सरळ आहेत. दख्खनीची लोकर विरळ, केसाळ, जाड, पावसात भिजली तरी अंग झटकलं की लवकर वाळते. मेरिनोची दाट लोकर चार महिने पावसात स्पंजासारखी ओली राहते, कातडी कुजते, माशी बसते, खुरं सडतात. शिवाय आपली मेंढी माणदेशातून कोकणापर्यंत चालत जाते आणि परत येते, मेरिनोला ते झेपत नाही. आणि मुख्य म्हणजे आपल्या धनगराचं उत्पन्न लोकरीवर नाहीच. पैसा येतो कोकरं विकून आणि खतासाठी शेतात मेंढ्या बसवून. दख्खनी वर्षाला अर्धा-पाऊण किलो, फार तर किलोभर लोकर देते, तीही जाड, कातरायची मजुरी निघत नाही. मग लोकर बारीक करण्यासाठी कोकरांची मर वाढवून घ्यायची म्हणजे तोट्याचाच सौदा. आणि जमीन? तिथे रान कुंपणात घेता आलं, इथे मेंढपाळाला दरवर्षी वनखात्याशी आणि शेतकऱ्याशी बोलून चराई मिळवावी लागते.

तरी एक गोष्ट त्या जुन्या वसाहतीतून आपल्याला खरंच उपयोगी आली. ऑस्ट्रेलियात बुरूला नावाचा मेरिनोचा एक कळप होता, त्यातल्या माद्या दोन-दोन, तीन-तीन कोकरं द्यायच्या. १९८० च्या सुमारास कळलं की हे एकाच जनुकामुळे आहे, आणि पुढे तोच बदल सुंदरबनातल्या गारोल मेंढीत सापडला. म्हणजे अठराव्या शतकाच्या शेवटी कलकत्त्याहून गेलेल्या त्या लहानशा बंगाली मेंढ्यांतूनच तो तिथे गेला असं आज मानतात. फलटणच्या निंबकर संस्थेने हेच जनुक गारोलमधून दख्खनीत आणलं, त्यात ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांचीही साथ होती, आणि नारी सुवर्णा मेंढी तयार केली जी बऱ्याच वेळा जुळी देते. आपल्या मेंढपाळाला कोकरू पाहिजे होतं, लोकर नव्हे, म्हणून हे चाललं. मात्र जुळी देणाऱ्या मादीला गाभण काळाच्या शेवटच्या दीड महिन्यात आणि व्याल्यावर खुराक द्यावा लागतो, नुसत्या चराईवर दोन्ही कोकरं जगत नाहीत, हे माहीत करूनच घ्या.

प्रश्न विचारणाऱ्याने शेवटी लिहिलंय की घरचा पन्नास मेंढ्यांचा कळप आहे आणि लोकरीचं काही करता येईल का. मेरिनोच्या नादी लागू नका. कोकराची पहिली कातरणी, म्हणजे जावळ, वेगळी ठेवा, काळी, पांढरी आणि करडी एकत्र करू नका, कातरायच्या आधी मेंढ्या वाहत्या पाण्यात धुऊन एक-दोन दिवस खडकाळ किंवा गवताच्या जागी ठेवा म्हणजे माती लागत नाही, आणि पूर्ण कोरड्या झाल्यावरच कातरा. पोटाची आणि पायाची लोकर मुख्य ढिगात टाकू नका. चांगली घोंगडी करणारे अजून आहेत आणि त्यांना अशी निवडलेली लोकर लागते, मिश्र ढिगापेक्षा जास्त भाव ते देतात.